रस्त्यावरचा क्रोध आणि धारणीय वेग

रुग्ण समोर बसला की त्याचा अग्नी, कोष्ठ, निद्रा, मलमूत्रप्रवृत्ती, व्यसने यांची चौकशी आपण शिस्तीने करतो. तो दिवसातून किती तास वाहनावर असतो आणि त्या वेळात त्याच्या मनाचे काय होते, हे मात्र बहुधा विचारीत नाही. वास्तविक अम्लपित्त, शिरःशूल, अनिद्रा, रक्तदाब, अर्श, कटिशूल अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या शहरी रुग्णाच्या विहारात आज रस्त्याइतका मोठा आणि रोजचा भाग दुसरा क्वचितच असेल. आडवे येणारे, कर्णा वाजवून अंगावर येणारे, सिग्नल हिरवा होण्याआधीच मागून शिव्या देणारे वाहनचालक हा विषय वाहतूक पोलिसांचा, फार तर नागरिकशास्त्राचा, अशी आपली समजूत आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो आधी स्वस्थवृत्ताचा विषय आहे आणि वैद्यवर्गाने त्यावर ठाम मत देणे आवश्यक आहे. कारण याच बाबतीत आपल्यातील काही मंडळी रुग्णांना शास्त्राच्या नावाने नेमका उलटा सल्ला देताना आढळतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'नवेगान्धारणीय' हा सातवा अध्याय आपण विद्यार्थीदशेत पाठ केलेला आहे. मूत्र, पुरीष, क्षवथु, क्षुधा, तृष्णा, बाष्प, निद्रा, श्रमश्वास आदी तेरा वेग अडवू नयेत, असे सांगून आचार्य तेथेच थांबत नाहीत. जे वेग अडवायचे, त्यांचीही यादी ते लगोलग देतात आणि ती मन, वाणी व शरीर अशा तीन स्तरांवर देतात. मनाचे वेग म्हणजे लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, ईर्ष्या इत्यादी. वाणीचे म्हणजे कठोर बोलणे, अति बोलणे, चहाडी, असत्य आणि अकाली बोलणे. शरीराचे म्हणजे परपीडा, चौर्य, हिंसा यांसारख्या प्रवृत्ती. परीक्षेत आपण पहिल्या यादीवर दहा गुणांचे उत्तर लिहितो आणि दुसरी दोन ओळींत उरकतो. व्यवसायातही तेच चालते.

आता सायंकाळी सहाच्या सुमारास पुण्यातील सिंहगड रस्त्यावर अथवा मुंबईतील पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकलेल्या माणसाकडे या अध्यायाच्या दृष्टीने पाहावे. दुपारच्या चहानंतर त्याच्या पोटात काही नाही. पाणी प्यायल्यास वाटेत सोय नाही, म्हणून तो पाणी पीत नाही. तरीही मूत्रवेग आलेला असतो आणि तो त्याने अर्धा तास अडविलेला असतो. आदल्या रात्रीची झोप अपुरी आहे. म्हणजे क्षुधा, तृष्णा, मूत्र, निद्रा हे चार अधारणीय वेग त्याने एकाच वेळी धरून ठेवले आहेत. एवढ्यात उजवीकडून कोणी गाडी घुसवतो आणि याच्या मनात क्रोध, तोंडात अपशब्द व पायाखालच्या प्रवेगकावर परपीडेची इच्छा अशी धारणीय वेगांची तिन्ही अंगे एकदम मोकळी सुटतात. जे सोडायचे ते धरले आणि जे धरायचे ते सोडले! संपूर्ण अध्याय उलटा करून जगण्याची अशी सोय पूर्वीच्या कोणत्याही काळाने माणसाला करून दिली नसावी.

हे केवळ शब्दांचे कौतुक नव्हे. त्या वेगांच्या धारणाने होणारी लक्षणे ग्रंथात पाहावीत. क्षुधावेग अडविल्याने दौर्बल्य, अंगमर्द, भ्रम. निद्रावेगाने जृम्भा, तंद्रा, शिरोरोग, डोळ्यांना जडत्व. तृष्णेने कंठशोष, श्रम, हृदयी व्यथा. मूत्रवेगाने बस्तिशूल व शिरोरुजा. भ्रम, तंद्रा आणि अक्षिगौरव ही लक्षणे पलंगावर पडलेल्या माणसाला होणे वेगळे आणि हातात सुकाणू असलेल्याला होणे वेगळे. त्यातच क्रोधाने पित्त खवळते, हे आपण ज्वराच्या निदानात शिकलो आहोत. अभिषंगज ज्वराच्या वर्णनात काम, शोक, भय यांनी वात आणि क्रोधाने पित्त प्रकुपित होते, असा स्पष्ट भेद केलेला आहे. रिकामे पोट, तहान आणि क्रोध हे त्रिकूट रोज सायंकाळी तासभर सेवन करणाऱ्याला आपण सूतशेखर देतो, कामदुधा देतो, आणि उपशय का मिळत नाही म्हणून मात्रा वाढवतो.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेतला पाहिजे. 'राग दाबू नका, बाहेर काढून टाका, नाहीतर रक्तदाब वाढेल' हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, आणि वैद्यमंडळींपैकी काहीजण त्याला वेगधारणाच्या सिद्धांताचा आधार देतात. वेग म्हटला की तो अडविणे वाईट, एवढेच लक्षात राहिले की असे होते. पण शास्त्राने क्रोधाला जाणूनबुजून दुसऱ्या यादीत घातले आहे. तो सोडल्याने हलका होणारा वेग नव्हे, सोडल्याने वाढणारा वेग आहे. आधुनिक मानसशास्त्रातही हा प्रश्न प्रयोगाने तपासला गेला आहे. अमेरिकेतील ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुद्दाम चिडविलेल्या काही व्यक्तींना चिडविणाऱ्याचा विचार करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारण्यास सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करीत तेच करण्यास सांगितले आणि काहींना नुसते बसवून ठेवले. ठोसे मारून राग 'मोकळा' करणारे पहिल्या गटातील लोकच अखेरीस सर्वाधिक क्रुद्ध राहिले. काहीही न करता बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. कर्णा दाबून धरणारा मनुष्य पिशवीवर ठोसे मारणाऱ्याहून निराळे काही करीत नाही.

तथापि धारण म्हणजे क्रोध आलाच नाही असे भासविणे, असाही अर्थ कोणी घेऊ नये. या ठिकाणी आचार्यांची सूक्ष्मता खरोखर पाहण्यासारखी आहे. शोक हा धारणीय वेगांत आहे, परंतु बाष्प, म्हणजे अश्रू, हे अधारणीय वेगांत आहेत! दुःखाच्या आहारी जाऊ नये. पण डोळ्यांत आलेले पाणी अडवू नये. मनाचा वेग आवरायचा, शरीराने त्याचा भार हलका करण्यासाठी योजलेली वाट मात्र बंद करायची नाही. हाच विवेक रस्त्यावर लावावा. कोणी अंगावर गाडी घातली, थोडक्यात बचावलो, तर छाती धडधडणे, हात कापणे, लांब श्वास सुटणे हे होणारच. तो श्वास सोडावा, शक्य असल्यास गाडी कडेला घेऊन दोन मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, रडू आले तर येऊ द्यावे. शिवी, कर्णा आणि पाठलाग तेवढे आवरावेत. 'राग धरा' आणि 'राग सोडा' या दोन घोषणांच्या मधली ही जागा आपल्याच शास्त्राने दाखविलेली आहे, आणि रुग्णाला ती दोन मिनिटांत समजावून सांगता येते.

हृदयरोगाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. २०१४ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हार्वर्डच्या संशोधकांच्या एका संकलित अभ्यासानुसार क्रोधाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीच्या सुमारे पावणेपाच पट आढळली. निरोगी माणसाच्या बाबतीत मूळ शक्यताच अल्प असल्याने एखाद्या उद्रेकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ज्याला आधीच रक्तदाब किंवा प्रमेह आहे आणि ज्याचा असा उद्रेक दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे दिवस होतो, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. आपल्याकडे येणारे रुग्ण बहुतांशी याच वयाचे आणि याच प्रकृतीचे असतात.

क्षणभराचा क्रोध माणसाच्या आयुष्यात किती लांब पसरतो, याचे सर्वज्ञात उदाहरण न्यायालयाच्या दप्तरी आहे. दि. २७ डिसेंबर १९८८ रोजी पंजाबात पतियाळा येथे वाहनाला वाट देण्यावरून वाद झाला, त्यात मारहाण झाली आणि ६५ वर्षांचे एक गृहस्थ मृत्यू पावले. आरोपी होते तत्कालीन क्रिकेटपटू, पुढे खासदार व मंत्री झालेले नवज्योतसिंग सिद्धू. कनिष्ठ न्यायालयाने १९९९ मध्ये मुक्तता केली, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केवळ दुखापतीचा गुन्हा ग्राह्य धरून एक हजार रुपये दंड केला, आणि पुनर्विलोकनात मे २०२२ मध्ये एक वर्षाची सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली. घटनेच्या वेळी पंचविशीत असलेला मनुष्य साठीच्या उंबरठ्यावर तुरुंगात गेला. वाद काही मिनिटांचा होता. दोन्ही घरांनी तो तेहतीस वर्षे वाहिला.

मग प्रत्यक्ष रस्त्यावर उद्दाम वाहनचालकाशी वागावे कसे? 'रागावू नका' हा सल्ला निरुपयोगी आहे. तो देणारा वैद्यही पुढच्या चौकात तो पाळत नाही. शिरोधारेने तृप्त होऊन बाहेर पडलेला रुग्ण चिकित्सालयाच्या फाटकापाशीच कोणाच्या तरी अंगावर ओरडताना आपण सर्वांनी पाहिलेला आहे! चरकाने मानसरोगांसाठी सांगितलेला सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. हा 'विषय' शब्द येथे अगदी व्यावहारिक अर्थाने घ्यावा. त्या क्षणी अहितकर विषय म्हणजे त्या चालकाचा चेहरा, त्याचे हातवारे, त्याचे शब्द. कठोर व भीषण शब्द कानी पडणे यालाच आचार्यांनी श्रोत्रेंद्रियाचा मिथ्यायोग म्हटले आहे. म्हणून त्याच्याकडे पाहू नये, काच वर करावी, त्याला पुढे जाऊ द्यावे आणि डोळे रस्त्यावर ठेवावेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. मागच्याला उत्तर देण्यासाठी तीन सेकंद मान वळविली, तर ५० मीटर रस्ता आपण न पाहता ओलांडलेला असतो.

पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. 'तेवढ्या फटीत दुसरा घुसतो' म्हणून तो कोणी पाळत नाही. घुसू द्यावा. दहाजण घुसले आणि प्रत्येक वेळी आपण अंतर पुन्हा राखले, तरी आपले नुकसान मिनिटाभराचेही होत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे सुमारे ९५ किलोमीटर ताशी १००ने गेल्यास ५७ मिनिटे आणि ताशी १२०ने गेल्यास साडेसत्तेचाळीस मिनिटे लागतील. तीही घाट, पथकर नाके आणि अवजड वाहने यांपैकी काहीच वाटेत नसेल तर. ज्या साडेनऊ मिनिटांसाठी मनुष्य वीस वेळा मार्गिका बदलतो, वीसजणांना चिडवतो आणि स्वतः चिडतो, ती शेवटी वाहनतळावर जागा शोधण्यात जातात.

समोरचा मुद्दाम आपल्याला त्रास देत आहे, ही कल्पनाही तपासून पाहावी. आपण घाईत असलो की कारण असते. दुसरा घाईत असला की तो उर्मट असतो. पायी चालताना धक्का लागला तर दोन्ही माणसे 'माफ करा' म्हणतात, कारण चेहरे दिसतात. वाहनात चेहरा दिसत नाही, फक्त पत्रा दिसतो, आणि पत्र्यावर रागावणे सोपे जाते.

अर्थात सर्वच आक्रमक चालक नुसते घाईतले नसतात. काहीजण खरोखर पाठलाग करतात, गाडी आडवी घालतात, उतरून मारायला येतात. जुलै २०२४ मध्ये पुण्यात पाषाण-बाणेर परिसरात स्कूटरवरून मुलांना घेऊन जाणाऱ्या एका स्त्रीला भररस्त्यात मारहाण झाल्याची घटना सर्वांनी वाचली आहे. अशा वेळी सहनशीलतेचे प्रवचन रुग्णाला देणे हा अन्याय होय. गाडीतून उतरू नये, दारे बंद ठेवावीत, घराकडे न जाता पोलीस चौकी, पेट्रोल पंप किंवा वर्दळीचे ठिकाण गाठावे, वाहनक्रमांक लक्षात ठेवावा, ११२ क्रमांकावर कळवावे आणि तक्रार नोंदवावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने सिग्नल तोडणे, उलट दिशेने जाणे, नियमाविरुद्ध पुढे घुसणे या गोष्टी कलम १८४ मधील धोकादायक वाहन चालविण्याच्या व्याख्येत स्पष्टपणे घातल्या असून त्यांस पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास वा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विनाकारण कर्णा वाजविण्यासही दंड आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती, हे पाहता तक्रार करणे यास कोणी किरकिर म्हणू नये.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक सूचना येथे आवश्यक वाटते. 'राग फार येतो, रक्तदाब वाढतो, काहीतरी द्या' म्हणणाऱ्या ग्राहकास सर्पगंधायुक्त गोळ्या हातावर ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. सर्पगंधेची थोरवी वादातीत आहे, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९च्या शोधनिबंधाने तिचे रक्तदाबावरील कार्य जगापुढे नेले. परंतु तंद्रा, मांद्य आणि विषण्णता हेही तिचे परिणाम आहेत. ग्राहक रिक्षा, टेम्पो किंवा दुचाकी चालवतो का, हे न विचारता, वैद्याच्या सल्ल्यावाचून ती देणे म्हणजे क्रोधी चालकाचा पेंगणारा चालक करणे होय. तगर, जटामांसी यांच्या कल्पांबाबतही मात्रा व वेळ यांचा विचार वैद्याने करावा; रात्री निजताना योग्य असलेले औषध सकाळी कामावर निघताना योग्य असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगणे प्राप्त आहे. ज्या चौकात वाहनांची कोंडी होऊन माणसे एकमेकांवर धावून जातात, तेथे पुष्कळदा एखादे औषधी दुकान किंवा चिकित्सालय असते. दारात ग्राहकांच्या दुचाकी तिरक्या उभ्या, त्यांच्या बाहेर 'दोनच मिनिटे' म्हणून थांबविलेली मोटार आणि तिच्याही बाहेर माल उतरविणारा वितरकाचा टेम्पो. अर्धा रस्ता आपण व्यापतो, आणि उरलेल्या अर्ध्यात चिडलेली माणसे नंतर अम्लपित्तासाठी आपल्याकडेच येतात. वितरकांना माल सकाळी नऊपूर्वी आणण्यास सांगणे, नेहमीच्या ग्राहकांची औषधे दूरध्वनीवरून ऐकून तयार ठेवणे, रुग्णांना ठराविक वेळा देणे, एवढ्या तीन गोष्टींनी दारातली गर्दी पुष्कळ कमी होते, आणि त्याला खर्च काही नाही.

चिकित्सालयातील रुग्णपत्रिकेत विहाराच्या रकान्यात एक प्रश्न वाढवावा: रोज वाहन किती तास, कोणत्या वेळी, आणि त्या आधी काय खाल्ले-प्यायले. उत्तर ऐकून चिकित्सा ठरवावी. कचेरीतून सहाला निघणाऱ्या रुग्णास साडेपाचला मूठभर लाह्या, मनुका किंवा एखादे फळ आणि पेलाभर पाणी घेण्यास सांगावे, निघण्यापूर्वी मूत्रविसर्जन करण्यास सांगावे, आणि शक्य असल्यास पंधरा मिनिटे आधी निघण्यास सांगावे. पंधरा दिवसांनी त्याचा राग किती राहिला ते विचारावे. औषध त्यानंतर ठरविले तरी चालेल. रिक्षाचालक, एस.टी. आणि नगर बसचे चालक-वाहक यांच्या बाबतीत मात्र हे इतके सरळ नाही. त्यांना 'भरपूर पाणी प्या' सांगण्यापूर्वी त्यांच्या थांब्याजवळ स्वच्छतागृह आहे की नाही हे विचारले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी नसते, आणि स्त्री-वाहकांसाठी तर विचारूच नये. अशा थांब्यालगत ज्यांचे चिकित्सालय वा दुकान आहे, त्यांनी आपले स्वच्छतागृह या मंडळींस वापरू द्यावे आणि दारात पाण्याचा माठ ठेवावा.